इंग्रजीचा प्रबंध आणि गिरगांवचा प्रश्न



दादरच्या किंवा गिरगांवच्या एखाद्या सुशिक्षित घरांत आजकाल असा प्रसंग पुष्कळदां येतो. मुलगी इंग्रजी वाङ्मय घेऊन एम्. ए. झालेली असते. आतां ती नोकरी धरील, मार्गाला लागेल, अशी घरच्यांची समजूत असते. अशा वेळीं एके रात्रीं पानावर बसतां बसतां ती सांगून टाकते कीं, मला पीएच्. डी. करावयाची आहे. आजोबा विचारतात, ‘कशांत?’ ती म्हणते, ‘इंग्रजी वाङ्मयांत.’ मग घटकाभर कोणीच बोलत नाहीं. शेवटीं आजोबाच हळूच म्हणतात, ‘अगो, पण इंग्रजांच्या वाङ्मयांत इंग्रजांना जें सांपडलें नाहीं, तें तुला गिरगांवांत बसून काय सांपडणार?’

हा प्रश्न ऐकून हंसूं येतें. पण तो हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. मुंबईंत इंग्रजीचा अभ्यास सुरू झाल्याला आतां दीडशेंहून अधिक वर्षें लोटलीं. ह्या काळांत ज्यांनीं ज्यांनीं ह्या विषयांत कांहीं खरें काम केलें, त्या प्रत्येकाला आजोबांच्या ह्याच प्रश्नाचें उत्तर आपापल्या परीनें द्यावें लागलें आहे. तीं उत्तरें कोणतीं, आणि त्यांतून आजच्या विद्यार्थिनीनें काय घ्यावें, एवढेंच आज आपणांपुढें ठेवावयाचें आहे.

प्रथम थोडा मागचा इतिहास पाहूं. मुंबई विद्यापीठाचा कायदा १८ जुलै १८५७ रोजीं झाला. विद्यापीठाचा नमुना लंडनचा होता. शिकवावयाचें तें कॉलेजांनीं, आणि विद्यापीठानें केवळ परीक्षा घेऊन पदव्या द्यावयाच्या, अशी ती व्यवस्था होती. १८५९ सालीं पहिली प्रवेशपरीक्षा झाली. तिला १३२ विद्यार्थी बसले आणि २२ उतरले. पुढें १८६२ सालीं चौघे जण पहिले बी. ए. झाले : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. नव्या विद्येचें पहिलें पीक तें हेंच, आणि तें किती सकस निघालें हें निराळें सांगावयास नको.

ह्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासांत इंग्रजीला अग्रमान होता. येथें एक चमत्कारिक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. आपण समजतों कीं, इंग्रजी वाङ्मय हा विषय विलायतेंत पिकला आणि तेथून तयार मालासारखा आपल्याकडे आला. वस्तुस्थिति बरीचशी उलट आहे. लंडनच्या नव्या कॉलेजांत १८२८ पासून इंग्रजीचा अध्यापक होता, हें खरें. पण जुन्या विद्यापीठांत मान होता तो ग्रीक-लॅटिनचा. ऑक्सफर्डला इंग्रजीची स्वतंत्र परीक्षाशाखा निघाली ती १८९४ सालीं, आणि केंब्रिजला तर १९१७ सालीं. म्हणजे ऑक्सफर्डचा तरुण इंग्रजी वाङ्मयाची पदवी घेऊं लागला, त्याच्या तीसएक वर्षें आधींपासून मुंबईचा तरुण शेक्सपिअरवरच्या प्रश्नांचीं उत्तरें लिहीत होता! इंग्रजी वाङ्मय हा विषय संस्थारूपानें प्रथम हिंदुस्थानांत कसा रुजला आणि त्यामागें राज्यकर्त्यांचे हेतु कोणते होते, ह्याची सविस्तर छाननी गौरी विश्वनाथन् ह्यांनीं १९८९ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत केली. आजोबांच्या प्रश्नाचें एक उत्तर तेथेंच मिळतें. इंग्रजीच्या अभ्यासाचा इतिहास इंग्रजांना आपल्या घरांत बसून पुरता सांपडला नाहीं. त्याचा मोठा भाग आपल्या दप्तरांत होता, आणि तो शोधण्यासाठीं हिंदुस्थानच्या बाजूनें पाहणारी दृष्टि लागली.

परंतु आपण क्रमानें जाऊं. ह्या परीक्षाप्रधान व्यवस्थेचा एक दोष लवकरच दिसूं लागला. परीक्षेंत विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर परीक्षकाला आधींच ठाऊक असतें. विद्यार्थ्यानें तें जुळवून दाखवावयाचें, इतकेंच. त्यामुळें टिपणें पाठ करणें, टीकाकारांचीं मतें घोकणें, हीच विद्या होऊन बसली. चांगले गुरु नव्हते असें नाहीं. एल्फिन्स्टन कॉलेजांत तर कविवर्य वर्ड्‌स्वर्थ ह्यांचे प्रत्यक्ष नातू विल्यम वर्ड्‌स्वर्थ हे इंग्रजीचे अध्यापक आणि पुढें प्रिन्सिपॉल होते. नामदार गोखले १८८४ सालीं बी. ए. झाले, ते ह्याच वर्ड्‌स्वर्थसाहेबांचे विद्यार्थी. पण गुरु कितीहि थोर असला, तरी व्यवस्था मागत होती ती उत्तरपत्रिका. ज्याचें उत्तर अजून कोणालाच ठाऊक नाहीं असा प्रश्न स्वतः उभा करणें, आणि त्याच्या मागें वर्षानुवर्षें जाणें, ह्याला त्या व्यवस्थेंत जागा नव्हती.

ओव्हल मैदानावरून दिसणारा तो राजाबाई टॉवर ह्या बाबतींत मला नेहमीं बोलका वाटतो. प्रेमचंद रायचंद ह्यांनीं दोन लाख रुपये ग्रंथालयासाठीं आणि दोन लाख घड्याळाच्या मनोऱ्यासाठीं दिले. मनोऱ्याला त्यांच्या मातोश्रींचें नांव मिळालें. १८७८ सालीं तो २८० फुटी मनोरा पुरा झाला. परीक्षेच्या दिवशीं विद्यार्थ्याची नजर जाते ती वरच्या घड्याळाकडे. खालीं ग्रंथालय आहे, हें त्याला पुष्कळदां पदवी मिळाल्यावर आठवतें. संशोधनाचा आरंभ होतो तो घड्याळावरची नजर काढून खालच्या दारांतून आंत शिरल्यावर.

मग त्या काळांत इंग्रजीचें संशोधन मुंबईंत झालेंच नाहीं काय? पदवीसाठीं फारसें झालें नाहीं. पण पदवीवांचून झालें. त्याचें एक उदाहरण दक्षिण मुंबईंतच, एका तुरुंगांत सांपडतें. कोल्हापूर प्रकरणांत टिळक आणि आगरकर ह्यांना १८८२ सालीं शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगांत त्यांचे १०१ दिवस गेले. त्या कोठडींत आगरकरांनीं जें काम हातीं घेतलें, तें शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चें मराठी रूपांतर. १८८३ सालीं तें ‘विकारविलसित’ ह्या नांवानें प्रसिद्ध झालें. जवळ ग्रंथालय नाहीं, मार्गदर्शक नाहीं, पुढें पदवी नाहीं. तरीहि नाटकांतील प्रत्येक शब्दाशीं झोंबी घेत असतां आगरकरांपुढें जे प्रश्न उभे राहिले असतील, ते कोणत्याहि प्रबंधाला शोभण्यासारखे होते. बापाच्या खुनाचा सूड घेण्यास कचरणाऱ्या राजपुत्राचें मन मराठी वाचकाला कोणत्या शब्दांनीं उलगडून दाखवावें? आमच्या नाट्यपरंपरेंत ज्याला शोकान्त नाटक म्हणतात तसें नव्हतेंच. मग तें आमच्या प्रेक्षकाच्या गळीं उतरवावें कसें?

‘ऑथेल्लो’ची गोष्ट ह्याहून मनोरंजक आहे. महादेवशास्त्री कोल्हटकरांनीं केलेलें त्याचें भाषांतर १८६७ सालीं छापलें गेलें. पुढें १८९० सालीं गोविंद बल्लाळ देवल ह्यांनीं त्याचा ‘झुंझारराव’ केला. व्हेनिसचा मूर सेनापति झुंझारराव झाला आणि डेस्डिमोना कमळजा झाली. नाटक रंगभूमीवर गाजलें. पण आतां असा विचार करा : मूळ नाटकांतलें सारें दुःख काळ्या-गोऱ्याच्या भेदावर उभें आहे. तो भेद मराठी प्रेक्षकापुढें मांडावयाचा, तर त्याच्या जागीं काय ठेवावयाचें? कूळ ठेवावयाचें, जात ठेवावयाची, कीं तो भेद पुसून टाकून केवळ नवऱ्याचा संशयच तेवढा शिल्लक ठेवावयाचा? देवलांनीं ह्याचें उत्तर रंगभूमीवर दिलें. त्या उत्तराची चिकित्सा करणें हें शेक्सपिअरचेंच संशोधन होय. कारण आपल्या नाटकांतलें काय परक्या मातींत जगतें आणि काय मरतें, हें खुद्द शेक्सपिअरलाहि ठाऊक असणें शक्य नव्हतें. आजोबांच्या प्रश्नाचें हें दुसरें उत्तर.

आतां पदवीकडे वळूं. प्रबंध लिहून डॉक्टर होण्याची पद्धत मूळची जर्मनीची. अमेरिकेंत ती येल विद्यापीठानें १८६१ सालीं उचलली. इंग्लंडनें मात्र पुष्कळ वाट पाहिली. ऑक्सफर्डनें ही पदवी १९१७ सालीं सुरू केली आणि केंब्रिजनें १९१९ सालीं. तेव्हां संशोधनाच्या पदव्यांत आपण फार मागें राहिलों, असें मानण्याचें कारण नाहीं. ज्यांच्याकडे आपण तोंड करून बसलों होतों, तेच उशिरां निघाले. १९०४ च्या कायद्यानें हिंदी विद्यापीठांना स्वतः शिकविण्याची मुभा मिळाली आणि पहिल्या महायुद्धानंतर मुंबईंत अर्थशास्त्र व समाजशास्त्र ह्यांच्या शाखा निघाल्या. केंब्रिजहून डॉक्टर होऊन आलेले गोविंद सदाशिव घुरे १९२४ सालीं समाजशास्त्राचे प्रमुख झाले, आणि त्यांच्या हाताखालीं एक संबंध संशोधकपरंपरा तयार झाली. इंग्रजीचें शिक्षण मात्र मुख्यतः कॉलेजांतूनच चाले. विद्यार्थी पुष्कळ, वर्ग मोठे, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे त्याहून मोठे. अशा अध्यापकाला स्वतःच्या प्रश्नासाठीं सवड मिळावी कोठून?

आणि साधनांचें काय? मुंबईंत ग्रंथ नव्हते असें कोणी म्हणूं नये. १८०४ सालीं स्थापन झालेल्या लिटररी सोसायटीचा, म्हणजे आजच्या एशियाटिक सोसायटीचा, संग्रह टाऊन हॉलमध्यें आहे. दांतेच्या महाकाव्याची एक जुनी हस्तलिखित प्रत तेथें जपलेली आहे. ह्या संस्थेचें दार हिंदी माणसाला उघडलें तें १८४० सालीं, माणेकजी कर्सेटजी ह्यांना सभासद करून घेतलें तेव्हां. पण इंग्रज कवींचीं हस्तलिखितें, त्यांचीं पत्रें, नाटकांच्या आद्य प्रती, हें सारें लंडन-ऑक्सफर्डला. मूळ प्रत पाहिल्यावांचून पाठचिकित्सा करितां येत नाहीं, आणि मूळ प्रत पाहावयाची तर आगबोटीचें भाडें हवें. म्हणून ज्याला शक्य होतें तो विलायतेस गेला. ज्याला शक्य नव्हतें त्यानें छापील टीकाग्रंथांवर आणखी एक टीकाग्रंथ लिहिला. आजोबांच्या प्रश्नाची धार ह्या दुसऱ्या माणसाला सर्वांत जास्त लागते.

ह्या कोंडींतून बाहेर पडण्याची एक वाट रमणलाल कनैयालाल याज्ञिक ह्यांच्या उदाहरणानें दाखविली. ते डॉक्टर झाले लंडन विद्यापीठाचे, आणि त्यांचा ग्रंथ १९३३ सालीं लंडनमध्येंच प्रसिद्ध झाला. पण त्याचा विषय कोणता? हिंदी रंगभूमि, तिच्यावर झालेला युरोपीय परिणाम, आणि त्यांतहि विशेषेंकरून आमचा पश्चिम हिंदुस्थान! म्हणजे ग्रँट रोडच्या ज्या नाट्यगृहांत १८५३ सालीं विष्णुदास भाव्यांच्या मंडळीनें खेळ केले, ज्या रंगभूमीवर पारशी, गुजराती आणि मराठी मंडळ्यांनीं शेक्सपिअरला नाना वेष घातले, त्या रंगभूमीची हकीकत तपासून घेण्यासाठीं लंडनपर्यंत गेली. ह्यांत विनोद आहे आणि थोडा विषादहि आहे. पदवी तिकडे होती, साधनें इकडे होतीं. तरीपण एक गोष्ट ह्या ग्रंथानें दाखवून दिली. जें साहित्य मुंबईच्या अभ्यासकाच्या हाताशीं आहे आणि लंडनच्या अभ्यासकाच्या हाताशीं नाहीं, त्यावर उभें राहिलें म्हणजे आपल्याला कोणाची पुनरुक्ति करावी लागत नाहीं.

ह्यानंतरचा भाग मराठी वाचकाच्या विशेष जिव्हाळ्याचा आहे. मुंबईच्या विद्यापीठांत इंग्रजीचें वरचढ स्थान पाहून न्यायमूर्ति रानडे शेवटपर्यंत झटले कीं, उच्च परीक्षांत मराठीलाहि स्थान मिळावें. ती खटपट त्यांच्या आयुष्याच्या अखेरीस फळास आली. त्यापुढच्या पिढींत असें दिसून येतें कीं, इंग्रजीच्या शाळेंत तयार झालेली दृष्टि घेऊन कित्येक अभ्यासक मराठीकडे परतले. माधव त्रिंबक पटवर्धन, म्हणजे आपले माधव जूलियन्, १९१८ सालीं एल्फिन्स्टन कॉलेजांतून इंग्रजी घेऊन एम्. ए. झाले, आणि मुंबई विद्यापीठानें त्यांना डी. लिट्. दिली ती १९३८ सालीं, ‘छंदोरचना’ ह्या मराठी ग्रंथाबद्दल. मराठी वाङ्मयासाठीं ही पदवी मिळालेले ते पहिलेच. कुसुमावती देशपांडे लंडनला इंग्रजी वाङ्मय शिकल्या, नागपुरास त्यांनीं तेंच शिकविलें, आणि लिहिला तो ‘मराठी कादंबरीचें पहिलें शतक’ हा ग्रंथ. बाळ सीताराम मर्ढेकर विलायतेहून १९३३ सालीं परतले, कॉलेजांत इंग्रजी शिकवूं लागले, १९३७ सालीं ‘आर्ट्स अँड मॅन’ हें इंग्रजी पुस्तक त्यांनीं प्रसिद्ध केलें, आणि १९३८ पासून नभोवाणीच्या नोकरींत राहून मराठी सौंदर्यविचाराचा पाया घातला. पुढें मुंबई विद्यापीठांत इंग्रजीचे प्राध्यापक असलेले रा. भा. पाटणकर ह्यांनीं १९७४ सालीं ‘सौंदर्यमीमांसा’ लिहिली. त्याच वर्षीं मुंबईच्या कॉलेजांतून इंग्रजी शिकविलेले विंदा करंदीकर ह्यांचा ‘राजा लिअर’ आला.

ह्यावर कोणी अशी शंका घेईल कीं, हें तर मराठीचें कार्य झालें. ह्यांत इंग्रजीचें संशोधन कोठें आहे? शंका रास्त आहे. परंतु ‘लिअर’चें भाषांतर करणाऱ्याला मूळ नाटकाची जी ओळ पन्नास वेळां वाचावी लागते, ती टीकाकार पांच वेळां वाचून पुढें जातो. प्रतिशब्द शोधतांना मूळ शब्दाचा जो कोपरा उजेडांत येतो, तो नुसत्या वाचनानें येत नाहीं. दोन भाषांच्या उंबरठ्यावर उभें राहून पाहणें ही आमची उणीव नव्हे. तें आमच्या हातचें साधन आहे. विलायतच्या विद्वानाला दुर्मीळ हस्तलिखित जसें उपयोगी पडतें, तशी आम्हांला आमची दुसरी भाषा उपयोगी पडते.

मात्र येथें एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. ही वाट एकदां रुळली, तेव्हां तिच्यावरहि घोकंपट्टीची गर्दी झाली. ‘अमक्या इंग्रज कवीचा तमक्या मराठी कवीवर परिणाम’ असल्या मथळ्याचे प्रबंध निघूं लागले. इकडची एक ओळ, तिकडची एक ओळ, मध्यें साम्य. झाला परिणाम सिद्ध! हें पुन्हां परीक्षेचेंच उत्तर; फक्त पानें वाढलीं. ह्या ठराविक सांच्याहून निराळा प्रश्न विचारतां येतो, हें भालचंद्र नेमाड्यांनीं दाखविलें. मुंबईंत इंग्रजीची एम्. ए. पदवी घेतलेल्या ह्या कादंबरीकारानें इंग्रजीच्या मराठीवरील परिणामाविषयीं १९९० सालीं इंग्रजींत जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत कवींच्या उसनवारीची यादी मुख्य नाहीं. मराठी भाषाच आंतून कशी बदलली, तिचे शब्द, तिची वाक्यरचना, तिची शैली कशी पालटली, ह्याचा तो भाषाशास्त्रीय शोध आहे. विषय तोच, पण प्रश्न बदलला, आणि त्याबरोबर पुरावाहि बदलला.

तसेंच, मुंबईच्या अभ्यासकानें केवळ मुंबईचेंच पाहावें, असाहि दंडक नको. विलास सारंग ह्यांनीं एक डॉक्टरेट मुंबईची आणि दुसरी अमेरिकेंतील इंडियाना विद्यापीठाची मिळविली, इराकमध्यें बसरा येथें अध्यापन केलें, पुढें मुंबई विद्यापीठांत इंग्रजी शिकविलें, आणि कथा लिहिल्या त्या मराठींत आणि इंग्रजींत. कोणाला मिल्टनच घ्यावासा वाटला तर त्यानें अवश्य मिल्टन घ्यावा. मागणी एवढीच कीं, प्रश्न त्याचा स्वतःचा असावा.

आतां ह्या विषयाची एक बाजू अशी आहे, जी विद्वानांच्या चर्चेंत सहसा येत नाहीं. प्रश्न सुचला, साधनें मिळालीं, मार्गदर्शकहि मिळाला. पण बसावयाचें कोठें? लालबाग-परळच्या चाळींत एका खोलींत सहा माणसें राहत, तेथें पोथी उघडून बसण्यास कोपरा कोणता? परळच्या चाळींत राहून शिकणाऱ्या भीमराव आंबेडकरांना त्यांचे वडील रात्रीं दोन वाजतां अभ्यासाला उठवीत, कारण घर शांत असे तें तेव्हांच. त्यांचा विषय अर्थशास्त्र. कोलंबियाची आणि लंडनची अशा दोन्ही ठिकाणच्या डॉक्टरेट त्यांनीं मिळविल्या. पुढें दादरच्या हिंदु कॉलनींत त्यांनीं ‘राजगृह’ बांधलें, तें ग्रंथ ठेवतां यावेत ह्या हेतूनें. ज्याला एके काळीं वाचावयास कोपरा नव्हता, त्यानें घर बांधतांना प्रथम ग्रंथांच्या जागेचा विचार केला, ही गोष्ट संशोधनाबद्दल पुष्कळ कांहीं सांगून जाते. परळच्या गिरणगांवांत वाढलेल्या नारायण सुर्व्यांनीं तर १९६६ सालच्या आपल्या संग्रहाला ‘माझें विद्यापीठ’ असेंच नांव दिलें. पदवीच्या दाराबाहेर किती बुद्धि उभी राहिली असेल, ह्याचा हिशेब आमच्या विद्यापीठांच्या इतिहासांत अजून मांडला गेलेला नाहीं.

म्हणूनच सार्वजनिक ग्रंथालयें ही संशोधनाची खरी आश्रयस्थानें होत. १८९८ सालीं स्थापन झालेलें मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय दादरला आहे, आणि त्याच संस्थेनें १९४८ सालीं मराठी संशोधन मंडळ काढून अनंत काकबा प्रियोळकरांना त्याचें संचालक केलें. जुनीं मासिकें, पहिल्या आवृत्त्या, नाटकांचीं बाडें ह्यांसाठीं विलायतेस जाण्याचें कारण नाहीं. दादर स्टेशनवर उतरलें तरी पुरतें. खुद्द विद्यापीठाचा इतिहासहि असाच ग्रंथालयांतून उकरून काढावा लागला. इंग्रजीचे अभ्यासक अरुण टिकेकर ह्यांनीं तो १९८४ सालीं ‘द क्लॉइस्टर्स पेल’ ह्या ग्रंथांत लिहिला, तेव्हां आपल्या विद्यापीठाची एवढी सलग कहाणी अनेकांना प्रथमच वाचावयास मिळाली.

आज परिस्थिति पुष्कळ पालटली आहे. इंग्रजीचा विभाग विद्यापीठाच्या कालिना येथील आवारांत आहे. २०२२ च्या नियमांप्रमाणें पीएच्. डी. साठीं किमान ३ आणि सामान्यतः कमाल ६ वर्षें ठरविलेलीं आहेत, स्त्रियांना आणखी २ वर्षांची सवलत आहे, एम्. फिल्. बंद झालें आहे. स्वीकृत प्रबंध ‘शोधगंगा’ ह्या संग्रहांत कोणालाहि घरबसल्या वाचतां येतात. लंडन-ऑक्सफर्डच्या कित्येक दुर्मीळ प्रतींचीं छायाचित्रें आतां आपल्या मेजावर उघडतां येतात. आगबोटीचें भाडें वांचलें. पण ह्यामुळें आजोबांचा प्रश्न सुटला असें नव्हे. उलट तो अधिक कठीण झाला. पूर्वी ‘साधनें नाहींत’ ही सबब होती. आतां ती उरली नाहीं. आतां ज्याच्याजवळ प्रश्न नाहीं, त्याच्याजवळ कांहींच नाहीं. आणि नुसत्या पदवीसाठीं, बढतीसाठीं किंवा नांवामागें दोन अक्षरें लागावीं म्हणून हातीं घेतलेला प्रबंध सहा वर्षांनींहि त्याच्या मालकाला कंटाळवाणाच वाटतो. मग परीक्षकाची काय कथा!

तेव्हां ज्या घरांत हा प्रसंग उद्भवेल, तेथील वडील माणसांना माझी विनंति आहे कीं, ‘पुढें काय मिळणार?’ हें विचारण्याआधीं ‘तुझा प्रश्न कोणता?’ असें विचारावें. मुलीनें उत्तर दिलें कीं, मला अमुक कवीवर लिहावयाचें आहे, तर तो प्रश्न नव्हे, तें केवळ एक नांव झालें. पण ती जर म्हणाली कीं, डोंगरीच्या तुरुंगांत आगरकरांना ‘हॅम्लेट’च कां जवळचा वाटला, किंवा झुंझाररावाच्या अंगावरचा काळा रंग कोठें गेला, हें मला शोधावयाचें आहे, तर समजावें कीं, तिला वाट सांपडली आहे. मग तिला घरांतली दिव्याजवळची एक जागा नेमून द्यावी, आणि तिच्या वेळेवर पाहुण्यांची सरबराई लादूं नये. पदवी त्या वाटेनें चालतां चालतां येते; तिला निराळें शोधावें लागत नाहीं.

आणि आजोबांना तिनें काय सांगावें? माझ्या मतें तिनें नम्रपणें एवढेंच सांगावें कीं, ‘आजोबा, इंग्रजांना जें सांपडलें नाहीं, त्यांतलें पुष्कळसें ह्या गिरगांवांतच पडून राहिलेलें आहे, तें उचलावयास त्यांच्यापाशीं आपली भाषा नव्हती.’ ह्यावर आजोबा गप्प बसणार नाहींत. आणखी दहा प्रश्न विचारतील. तेहि तिनें टिपून घ्यावे. त्यांतला एखादा प्रबंधाच्या कामीं येण्याजोगा निघेल.